निकालाआधी पट वाचा

जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट ३० सप्टेंबरला धरतात. त्या दिवशी हजेरीपत्रकावर जेवढी नावं, तेवढी शाळेची पटसंख्या. त्यावरून संच मान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार ते ठरतं. यू-डायस या देशभरच्या शाळांच्या नोंदणीला जाणारी माहितीही त्याच तारखेची असते. जूनमध्ये प्रवेश होतात, पेरण्या आटोपतात, श्रावणातले सण होतात आणि सप्टेंबरअखेर वर्ग स्थिरावलेले असतात. राज्यातल्या बहुतेक शाळांना ही तारीख सोयीची आहे. मी नोकरीची पहिली वर्षं ज्या शाळेत काढली, तिला ती सोयीची नव्हती. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली ती शाळा. तिथं दसरा झाला की गाव रिकामं व्हायला लागतं.

ऊसतोडीला जाणारं गाव ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अशा जोड्यांची टोळी मुकादम बांधतो आणि त्यांना आगाऊ रक्कम देतो. ती उचल. हंगाम सुरू होण्याआधीच ती कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या बी-बियाण्यात खर्च झालेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. कारखान्यांचं गाळप सुरू व्हायचं झालं की वस्तीवर गाडी लागते. पत्रे, बांबू, पिठाचे डबे, कोंबड्या, शेळी आणि मुलं, सगळं एकाच गाडीत चढतं. कुणी सोलापूर-सांगलीकडे जातं, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. माणसं परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे, कारखाना लांबला तर त्याहूनही उशिरा.

आता शाळेचं वर्ष या हिशेबावर ठेवून बघा. शाळा भरलेली असते तेव्हा पट मोजला जातो. शिकवण्याचे मुख्य महिने येतात तेव्हा बरीच मुलं फडावर असतात. एप्रिलमध्ये वर्षाची शेवटची चाचणी होते, आणि त्या सुमाराला ती मुलं उन्हानं रापलेली, दप्तर कुठं आहे ते शोधत परत आलेली असतात. मग शाळेचा निकाल लागतो आणि त्यावरून आमची शाळा चांगली की वाईट ते ठरतं.

मी शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजार मानधनावर रुजू झाले तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. डी.एड.ला आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवलं, फलकलेखन शिकवलं, बालमानसशास्त्राचा पेपर होता. वर्गातली निम्मी मुलं दिवाळीच्या सुट्टीनंतर येणारच नाहीत, अशा वर्षाचं नियोजन कसं करायचं ते शिकवलं नव्हतं.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, ३ ते ५ ऑक्टोबर. एकाच मुलाची दोनदा मोजणी होऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली होती. त्या मोहिमेत लाखो नावं बोगस निघाली आणि त्यानंतर कित्येक वर्षं पट हा शब्द उच्चारला की शिक्षकाकडे संशयानं पाहिलं जायचं. मोहीम आवश्यक होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुलांच्या नावावर धान्य आणि अनुदान खाणाऱ्यांना शोधायलाच हवं होतं. पण आमच्याकडची सगळी मुलं त्या दिवशी खरोखर हजर होती, कारण दसरा ६ तारखेला होता. पडताळणी महिनाभर उशिरा झाली असती तर तीच मुलं बोगस ठरली असती. मुलं खरी, नावं खरी, पालक खरे, आणि तरीही दिवाळीनंतर बाकं रिकामी. हे लिहायला कुठल्याच तक्त्यात जागा नव्हती. आजही फारशी नाही.

लहान शाळेच्या टक्केवारीत आणखी एक अडचण असते आणि ती अगदी साध्या गणिताची आहे. चौथीत सात मुलं आहेत असं समजा. एक मूल म्हणजे चौदा टक्के. सातातली पाच मुलं गोष्ट घडाघडा वाचतात, तर निकाल एकाहत्तर टक्के. त्यातल्या एका मुलाचे आई-वडील पुण्याला कायमचे राहायला गेले आणि न वाचणारं एक मूल दाखला घेऊन आलं, की निकाल सत्तावन्नावर. शिक्षक तेच, खोली तीच, शिकवणंही तेच. साठ मुलांच्या वर्गात असा बदल कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, यादीत सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली नेहमी आमच्यासारख्या छोट्या शाळाच असतात, आणि पुढच्या वर्षी त्यांची अदलाबदल होते. मोठ्या गावची शाळा मध्ये कुठंतरी असते आणि तिथंच राहते. एका आढावा बैठकीत पडद्यावर आमच्या शाळेचं नाव लाल रंगात होतं आणि त्याच्या मागच्याच वर्षी ते हिरव्यात होतं. सर्वांसमोर उभं करून विचारलं गेलं, मॅडम, एका वर्षात असं काय झालं? काय झालं ते सांगायला दोन नावं घ्यावी लागली असती. तेवढा वेळ बैठकीला नव्हता.

मुलांची माहिती आमच्याकडे नसते असं नाही. उलट, भरपूर असते. शाळेच्या जनरल रजिस्टरला गावात फार मान. जातीचा दाखला काढायचा, जात पडताळणी करायची, तर आजोबांच्या नावाचा निर्गम उतारा लागतो आणि तो शाळेतूनच मिळतो. लोक कधीकधी मुलाची प्रगती विचारायला येत नाहीत, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीची नोंद शोधायला आवर्जून येतात. नाव, आईचं नाव, जात, पोटजात, जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याचं कारण, हे सगळं त्यात असतं. पुढं सरल ही ऑनलाइन नोंदणी आली, आधार क्रमांक आला, रकाने वाढत गेले. पण मूल शिकेल की नाही हे ज्यावरून कळतं, ते त्यात आलं नाही.

म्हणून मी एक वेगळी वही केली. नाव आणि जात रजिस्टरातून उतरवली, बाकीचे रकाने माझे. हंगामात आई-वडील कुठं असतात, मूल कुणाजवळ राहतं, घरात कोणती भाषा बोलतात, मोठ्या भावंडांपैकी कुणी शिकलेलं आहे का, मूल अंगणवाडीत गेलं होतं का, महिन्यातले किती दिवस आलं, आणि त्या महिनाअखेर त्याचा वाचनाचा स्तर काय. स्तर आम्ही सगळे वापरतो तेच: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, गोष्ट. प्रथम संस्थेच्या असर पाहणीमुळे २००५ पासून हे पायरीपायरीचं मोजमाप आपल्याकडे रुळलं. मला ते आवडतं, कारण त्यात मुलाला गुण नसतात, मूल कुठं उभं आहे एवढंच कळतं.

वही काही वर्षं भरत गेल्यावर त्यातून जे दिसायला लागलं ते मला कुठल्या प्रशिक्षणात ऐकायला मिळालं नव्हतं. जातीचा रकाना हातानं झाकला तरी मुलाचा स्तर साधारण सांगता यायचा. हजेरीचा रकाना झाकला की काहीच सांगता यायचं नाही. याचा अर्थ जातीला महत्त्व नाही असा मुळीच नाही. कोण भूमिहीन, कुणाच्या वाट्याला मुरमाड तुकडा, कुणावर उचल घ्यायची वेळ येते, हे जातच ठरवत आलेली आहे. आमच्या शाळेत तांड्यावरची मुलं होती, वंजारी समाजाची होती, दलित वस्तीतली होती, दोन-चार मराठा घरांतली होती. फडावर त्यातली बहुतेक जायची. पण ज्या घरात आजी-आजोबा गावात होते आणि मूल त्यांच्याजवळ राहत होतं, ते मूल कुठल्याही समाजाचं असो, वाचायला शिकायचं. वर्गात बसलेलं मूल शिकतं, ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्यावर कुणी परिपत्रक काढत नाही.

दुसरी गोष्ट कळायला जास्त वेळ लागला आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. दसऱ्याला गावातून निघताना जे मूल उतारा किंवा गोष्टीच्या पायरीवर होतं, ते परत आल्यावरही तिथंच असायचं, फार तर थोडं अडखळायचं. जे मूल निघताना शब्दांवर होतं, ते मात्र अक्षरांवर येऊन थांबलेलं असायचं. काही मुलांची अक्षरंही गेलेली असायची. म्हणजे मध्ये एक उंबरठा आहे. तो ओलांडून गेलेलं मूल स्वतः वाचतं. फडावर मिठाच्या पुडीवरचा कागद वाचतं, ट्रॅक्टरवरचं नाव वाचतं, मुकादमाच्या वहीतलं बापाचं नाव वाचतं. न ओलांडलेल्या मुलासाठी अक्षरं शाळेत राहतात आणि ते गाडीत चढतं.

हे समजल्यावर मी माझ्या वर्गाचं वार्षिक नियोजनच उलटं केलं. जी मुलं जाणार हे ठाऊक असायचं, त्यांच्यासाठी जून ते दसरा या काळात फक्त वाचन. परिसर अभ्यासाचे पाठ मागे राहिले तर राहू दिले. चित्र काढायचं तेही त्याखाली नाव लिहिण्यासाठी, खेळायचं तेही शब्दपट्ट्यांशी. पावसाळ्यात या मुलांना घरी फारसं काम नसतं, तेव्हा पाचनंतरही ती शाळेच्या ओट्यावर असायची. निघताना प्रत्येकाच्या पिशवीत शाळेच्या वाचनपेटीतली पाच-सहा गोष्टींची पुस्तकं. त्यातली काही परत आलीच नाहीत. एकाचं चुलीसाठी झालं, एक शेळीनं खाल्लं असं मुलांनी सांगितलं, आणि मी पुस्तकांच्या नोंदवहीत तसंच लिहिलं. पण जी मुलं पुस्तकं घेऊन गेली, त्यांची वाचनाची सवय मोडली नाही.

विसरलेलं वाचन परत यायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हेही त्याच वहीनं शिकवलं. एप्रिलमध्ये अक्षरांवर आलेलं मूल रोज तासभर हाताखाली घेतलं तर थोड्याच आठवड्यांत पुन्हा शब्दांवर येतं. आधी शिकलेलं कुठंतरी शिल्लक असतं. पण चाचणी त्या आठवड्यांनंतर नसते, आधीच उरकलेली असते.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. आमच्या शाळेत मुलांपेक्षा मुली जास्त असायच्या, आणि पाहुण्यांना त्याचं फार कौतुक वाटायचं. खरं कारण असं की, ज्याच्याकडे थोडा पैसा आला त्यानं मुलाला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं आणि मुलगी जिल्हा परिषदेत राहिली. पिवळी गाडी वस्तीवर यायची, भाऊ त्यात चढायचा आणि बहीण दप्तर घेऊन आमच्याकडे चालत यायची. दोघांचा फोटो एकाच घरात एकाच भिंतीवर असायचा. या मुली शिकायला आसुसलेल्या असायच्या. आमच्या निकालात जे काही चांगलं होतं, त्यात त्यांचा वाटा मोठा.

पण हंगामात पहिली ओढली जायची तीही मुलगीच. आठ-नऊ वर्षांची मुलगी फडावर हवी असते, कारण आई ऊस तोडत असताना तान्ह्या भावंडाला कुणीतरी सांभाळायला लागतं. वडील मला तोंडावर सांगायचे, "मॅडम, पोराला आजीजवळ ठिवतो, पण हिला न्यावीच लागंल." त्यात दुष्टपणा नव्हता. पाळणाघर नाही, कोपीजवळून ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची सारखी ये-जा. तान्ह्या जिवाजवळ कुणी नसेल तर काय होतं हे त्या लोकांनी बघितलेलं असतं. दुर्बल घटकांतल्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना १९९२ पासून आहे. मी तो रुपया नियमानं वाटला, सह्या घेतल्या. मुलीला गावात थांबवायचं तर त्या बाळाची सोय करावी लागेल, त्या रुपयानं ती होत नाही.

पालक फडावर असताना मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहानं मात्र खरा फरक पडला. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मुलं शाळेत दोन वेळा जेवतात आणि झोपायला आजीकडे जातात. सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची चिंता मिटली की म्हातारी माणसं नातवंडांना ठेवून घ्यायला तयार होतात. पंच्याहत्तरीची आजी तीन नातवंडांची भाकरी थापू शकत नाही, त्यांना जवळ घेऊन झोपू शकते. आमच्याकडे ज्या वर्षी वसतिगृह वेळेवर मंजूर झालं, त्या वर्षी मुलं थांबली. ज्या वर्षी मंजुरी उशिरा आली, तोवर गाड्या निघून गेल्या होत्या. मंजुरीच्या कागदावर आमच्या शाळेचा आकडा दोन्ही वर्षी सारखाच होता.

स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात. ते दाखवलं की मूल जिथं जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. विचार चांगला आहे. मी कार्डं भरली, पालकांना समजावून दिली. परत आल्यावर पालकांना विचारलं की कळायचं, कार्ड पेटीच्या तळाशी होतं तिथंच आहे. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते, शाळा दोन-तीन किलोमीटरवर, मध्ये रस्त्यावर उसाच्या गाड्या, आणि कर्नाटकात गेलेल्यांना जवळची शाळा कन्नड माध्यमाची. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालायच्या, जनार्थसारख्या संस्थांनी त्या मेहनतीनं उभ्या केल्या होत्या. मुलाच्या पाठोपाठ शाळेनं जायचं ही कल्पना मला आजही पटते.

या मुलांना काही येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. तिसरीतला एक मुलगा फडावरून परतला होता. त्याला हातच्याची वजाबाकी पाटीवर जमेना. मी कंटाळून विचारलं, फडावर काय करत होतास? तो म्हणाला, मोळ्या मोजत होतो. किती मोळ्यांची खेप होते, एका गाडीत अंदाजे किती टन बसतात, काट्यावर किती भरलं, बापाचा अंदाज किती चुकला, हे सगळं त्यानं तोंडी सांगितलं आणि वजन किती कमी दाखवलं ते वजा करूनही सांगितलं. हातचा त्याच्या डोक्यात होता, पाटीवर नव्हता. आठवडाभर आम्ही वर्गात फक्त काट्याच्या पावत्या लिहिल्या, खोट्या खोट्या. भरलेलं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, उरलं ते उसाचं. सगळ्या वर्गाची वजाबाकी त्यात सुटली. त्या वर्षीच्या चाचणीत त्या मुलाला गणितात नापास वाटावा असेच गुण होते, कारण तो परत येऊन आठच दिवस झाले होते आणि प्रश्न त्याला वाचता येत नव्हते.

जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला. त्याआधीपासून सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी केलेल्या कामाची चर्चा होती. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जात होते. त्या काळात फरशीवर आकृत्या आल्या, खडे, मणी, काड्या वर्गात आल्या, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक मुलाचं नाव घेऊन बोलायची पद्धत आली. माझ्यासारखीला ते फार मोठं बळ होतं. माझी वही एकटीची नाही असं वाटलं. पुढं शंभर टक्क्यांची घाई लागली तिथं मात्र ते बळ ओसरलं. शाळा शंभर टक्के प्रगत दिसायला हवी म्हटल्यावर फडावरून आलेलं मूल शाळेला नकोसं व्हायला लागतं. ज्या मुलासाठी सरकारी शाळा आहे, तेच आकडा बिघडवणारं मूल ठरतं. याच्याइतकी घातक गोष्ट सरकारी शाळेत दुसरी नाही.

पुढं पती-पत्नी एकत्रीकरणातून माझी आंतरजिल्हा बदली पुणे जिल्ह्यात झाली. औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं गाव. ऊसतोड नाही, दुष्काळ नाही, शाळेला रंगरंगोटी, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून आलेले संगणक. मला वाटलं, आता पट स्थिर असेल. इथं तो आणखी वेगानं हलतो. गावच्या मूळ रहिवाशांनी जमिनी विकून किंवा खोल्या बांधून बस्तान बसवलं आहे आणि त्यांची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. काही गरीब पण धडपड्या पालकांच्या मुलांना शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांतून खासगी शाळेत प्रवेश मिळतो. उरतात ती भाड्याच्या खोल्यांतली मुलं. लातूर, नांदेड, यवतमाळची, उत्तर प्रदेश आणि बिहारची. ठेकेदार बदलला, खोलीचं भाडं वाढलं, की कुटुंब पुढच्या गावाला. कधी दाखला मागायलाही येत नाहीत.

कायद्यानं वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा असतो आणि तो द्यायलाच हवा. म्हणून देवनागरी वाचणारी पण मराठी न समजणारी नऊ वर्षांची मुलगी चौथीत येते. ती धडा खडखड वाचते आणि एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. वाचनाच्या चाचणीत ती वरच्या पायरीवर, आकलनात शून्य. तिचं आधार कार्ड गावाकडच्या नावानं, शाळेच्या कागदांवरचं स्पेलिंग वेगळं, म्हणून ते जुळत नाही. आधार जुळल्याशिवाय संच मान्यतेत नाव धरलं जात नाही. शिक्षक किती द्यायचे हे ठरवताना ती मुलगी नाही, आणि वर्गात मात्र समोर बसलेली आहे.

इथंही मला विचारलं गेलं की मागच्या वर्षीची तिसरी चांगली होती, तीच चौथीत जाऊन मागे कशी पडली. मी दोन्ही वर्षांची हजेरीपत्रकं शेजारी ठेवली. जवळजवळ निम्मी नावं वेगळी होती. तोच वर्ग पुढं गेला असं गृहीत धरलेलं होतं, आणि तो वर्ग आता तिथं नव्हताच. जी मुलं दोन्ही वर्षं पटावर होती, ती सगळी एक-दोन पायऱ्या पुढं गेलेली होती.

आता दुसरी बाजू, कारण तिच्याबद्दल गप्प राहिले तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. पटाकडे बोट दाखवून काम टाळणारे शिक्षक मी पाहिले आहेत. "आमची पोरंच तशी," "आई-बाप अडाणी, आपण काय करणार," ही वाक्यं स्टाफरूममध्ये मी ऐकली आहेत आणि प्रत्येक वेळी मला राग आला आहे. मूल कुठून आलं हे पाहायचं ते त्याला कुठून उचलायचं हे कळण्यासाठी. सबब शोधण्यासाठी नव्हे. शब्दांवर असलेल्या मुलाला चौथीचं पुस्तक पुढं करणारा शिक्षक आणि ते अडाण्याचं पोर आहे म्हणून काहीच पुढं न करणारा शिक्षक, दोघंही त्या मुलाचं सारखंच नुकसान करतात.

खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दत्तात्रय वारे गुरुजींनी आधी शिरूर तालुक्यात वाबळेवाडीला आणि मग तिथं, लोकसहभागातून केलेलं हे काम. आम्हा सगळ्यांची मान त्यानं उंचावली. पण लगेच बैठकांतून प्रश्न आला, त्यांना जमतं तर तुम्हाला का नाही? मला या तुलनेचा त्रास होत नाही, ती पूर्ण करावी एवढंच वाटतं. तिथं गाव शाळेच्या पाठीशी उभं राहिलं. माझ्या पहिल्या शाळेचं गाव वर्षातले सहा महिने गावातच नसायचं. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. डिसेंबरात समितीची बैठक लावली तर ते पालक कुठल्या कारखान्याच्या कोणत्या फडावर आहेत, ते मुकादमाला फोन करून विचारावं लागायचं.

आता वीसच्या आत पट असलेल्या शाळांचा प्रश्न सारखा निघतो. राज्यात अशा चौदा हजारांहून अधिक शाळा आहेत. २०२३ मध्ये त्यांच्या मुलांना एकत्र आणून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. काही ठिकाणी ते मुलांच्या हिताचं असेलही. दोन मुलांच्या शाळेत खेळायलाही कुणी नसतं, हे मी नाकारत नाही. पण डोंगरातल्या वस्तीवरची मुलगी जवळची शाळा गेल्यावर गाडीनं दूरच्या शाळेत जाईल असं मानणाऱ्यांनी एकदा त्या वस्तीवर हंगामात यावं. तिथं मुलीला गावात थांबवायला कारण लागतं, आणि दारातली शाळा हे आजीच्या हातातलं सगळ्यात मोठं कारण असतं. शाळा लांब गेली की मुलगी गाडीत चढते, ती उसाच्या.

माझ्या दोन मागण्या आहेत आणि त्या खर्चिक नाहीत. स्थलांतराच्या तालुक्यांत ३० सप्टेंबरबरोबर जानेवारीतही एकदा पट धरा. शिक्षक कमी करण्यासाठी नव्हे, कोणती मुलं कुठं गेली आणि कोणती कुणाच्या आधारानं थांबली ते कळण्यासाठी, आणि पुढच्या वर्षीचं हंगामी वसतिगृह दसऱ्याआधी सुरू करता यावं यासाठी. आणि निकालाच्या तक्त्यात प्रत्येक मुलाच्या गुणांशेजारी दोन रकाने वाढवा: या वर्षी शाळेत किती दिवस होतं, आणि आलं तेव्हा कोणत्या पायरीवर होतं. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, यांच्यापैकी जे कुणी हे वाचत असतील त्यांनी पुढच्या आढाव्याला शाळांची टक्केवारी मागवण्याआधी हजेरीपत्रकं मागवावीत. ती प्रत्येक शाळेच्या कपाटात आहेत, रोज भरलेली.